सरकारचे खाऊन सरकारवर बोलायचे?

परवा आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर विषय निघाला. बालकल्याणाच्या संस्थांना सरकार अनुदान देते आणि त्यांचे समाजसेवक सरकारच्याच नावाने ओरडतात. "खाल्ल्या मिठाला जागावे की नाही, गुरुजी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी डोलली नाही. वाद तिथे अर्धाच राहिला, उरलेला इथे.

मुळात ते मीठ सरकारचे नाही. काड्यापेटी घेणारा मजूरही कर भरतो, त्यातले ते आहे. आणि आपण कोणाचे मीठ खात होतो? आमची शाळा अनुदानित. डिसेंबर 1977 मध्ये राज्यात 54 दिवसांचा संप सुरू झाला, त्यात शिक्षकही होते. मी नोकरीत नवा, तरी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. महागाई भत्ता हवा होता ना! तेव्हा मीठ कोणाला आठवले नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे 7 आमदार आहेत. आठवीतल्या पोरीचा एकही नाही, तिला मतच नाही.

आमच्या भागात ऊसतोडीला 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. म्हणून पोराला हंगामाआधी बायको लागते, आणि वयात आलेली मुलगी मागे ठेवून जायची आईबापांना धास्ती असते. 2014 साली माझ्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीचे लग्न ठरले. मी 1098 ला फोन केला. (हो, मीच. गावातली दोन घरे अजून माझ्याशी बोलत नाहीत.) दुसऱ्या दिवशी संस्थेची कार्यकर्ती एसटीने आली, ग्रामसेवकाला घेऊन घरी गेली, लग्न थांबले. इथवर साहेबलोक खूश.

पण ती बाई तिथे थांबली नाही. आईबाप हंगामाला जाणार, मग मुलगी राहणार कुठे? हंगामी वसतिगृह कागदावर चालू, प्रत्यक्षात कुलूप. तिने तसे लेखी कळवले. लगेच संस्थाचालकांना बोलावणे गेले: आमचेच अनुदान घेता आणि आमच्याच विरोधात कागद करता? पुढचा हप्ता अडकला. बाईंना दुसऱ्या तालुक्यात धाडले. मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली, ती शाळेत परत आली नाही.

लग्न थांबवले ती समाजसेवा आणि कुलपाबद्दल लिहिले ते राजकारण, हे गणित मला सुटत नाही.

संस्थाही काही सगळ्या सोवळ्या नाहीत. जिथे डोकी मोजून अनुदान मिळते तिथे डोकी कमी व्हावीत असे कोणाला वाटेल? 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. त्यासाठी कोणा संस्थेने काढलेला मोर्चा मी पाहिला नाही, अनुदानवाढीसाठीचे पाहिले. तिथे खुशाल कान उपटा. पण त्या बाईंनी स्वतःसाठी काय मागितले होते?

1098 ही सेवा 1996 साली मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षे सरकारी पैशावर स्वयंसेवी संस्थांनी चालवली. 2023 पासून ती राज्य सरकारांकडे गेली, 112 शी जोडली गेली. ठीक आहे, सोय झाली असेल. पण आता वसतिगृहाला कुलूप दिसले तर ते कळवणारा आणि ते कुलूप लावणारा, दोघेही एकाच सरकारचे नोकर. तो कागद करील का?

कट्ट्यावर मी हेच विचारले. तेवढ्यात चहा आला.