भागीदार म्हणवता, तर तोटापण वाटून घ्या

खरड छाटणी उरकली, डोळे फुटायची वाट बघतोय, म्हणून लिहायला जरा सवड आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या पंढरपूर भागात द्राक्ष निर्यातीवर बैठक झाली. वीस-पंचवीस बागायतदार होतो. युरोपातल्या खरेदीदाराच्या वतीनं आलेले साहेब म्हणाले, तुम्ही नुसते माल देणारे नाही, आमचे भागीदार आहात, शाश्वत विकासातले भागीदार. टाळ्या झाल्या. मीपण वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण गाडीवर घरी येताना डोक्यात एकच चाललं होतं. आमच्याकडं वाट्यानं रान केलं तर बी-खत निम्मं, पीक निम्मं, आणि गारपीट झाली तर तोटापण निम्मा. ह्या साहेबांच्या भागीदारीत गारपीट कुणाच्या वाट्याला येते?

जुन्या लोकांना २०१० साल आठवत असेल. सीसीसीचं साल. काडीची वाढ थांबावी, घड चांगला धरावा म्हणून खरड छाटणीनंतर आपण सगळेच ते मारत होतो. चोरून नाही, शिफारशीत होतं. माझ्याकडच्या बाटलीवर तर युरोपातल्याच एका कंपनीचं नाव होतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच, त्यामुळं इथल्या लॅबमध्ये माल पास झाला. तिकडं पोचल्यावर त्यांनी तपासलं आणि ०.०५ पीपीएमच्या वर निघालं. कंटेनर अडकले, भाव पडला. एप्रिलात मारलेलं औषध लाकडात राहून पुढच्या मार्चच्या मण्यात उतरतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गंमत अशी की तेच औषध युरोपातले शेतकरी गव्हाला मारतात, गहू लोळू नये म्हणून. आणि गव्हाला त्यांची मर्यादा द्राक्षापेक्षा कितीतरी पट सैल. त्यांच्या पिकाला गरज आहे म्हणून तिथं मर्यादा बसवून घेतली. आमच्या पिकासाठी तिकडं बोलायला कोण बसलं होतं?

त्या वर्षी माझा माल ज्या निर्यातदाराकडं होता त्यानं हिशेबाचा कागद दिला. भाडं, कोल्ड स्टोरेज, तिकडची तपासणी, विल्हेवाट, सगळं माझ्या नावावर. दीड एकराचा माल देऊन उलट मीच देणं लागतो असा आकडा. सोसायटीचं कर्ज फेडायला पुढची तीन वर्षं गेली. थोरल्या पोराचं पुण्याचं शिक्षण तेव्हाच राहिलं. तो आता माझ्याबरोबर बागेत आहे, तक्रार करत नाही, पण मला माहीत आहे.

नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. फवारणीची वही लिहायला, काढणीआधीचे दिवस मोजायला त्या नियमांनीच शिकवलं. आणि निर्यातीच्या प्लॉटला सगळं पाळायचं, मार्केट यार्डाला जाणाऱ्या मालावर मात्र काहीही मारायचं, हे आपलंच पाप आहे. त्याचं खापर युरोपावर फोडू नका.

माझं भांडण आहे ते खर्चाचं आणि जोखमीचं. ग्लोबलगॅप १९९७ साली सुरू केलं ते युरोपातल्या सुपरमार्केटवाल्यांनी, त्यांच्या गिऱ्हाइकासाठी. दरवर्षी फी भरायची मी. कायद्याची मर्यादा पाळली तरी काही दुकानदार म्हणतात, आम्हाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच पाहिजे. ठीक, तेही करू. पण त्याचे जादा पैसे? २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात हल्ले झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, भाडं वाढलं, दिवस वाढले. तेही शेवटी बागेच्या दरातूनच वळतं झालं.

आणि विषाचं एवढं वावडं असेल तर दोन्हीकडं असू द्या. पॅराक्वाट २००७ पासून युरोपियन युनियनच्या शेतात बंद आहे. तरी इंग्लंडात बनून ते बाहेरच्या देशांना विकलं जात राहिलं. फ्रान्सनं २०२२ पासून अशा औषधांच्या निर्यातीवर बंदी लागू केली, त्यातपण पळवाटा निघाल्याच. म्हणजे विष पाठवायचं तुम्ही, आणि त्याचा अंश परत आला की बोंब मारायची पण तुम्हीच.

हे आपल्याच नशिबी आहे असं नाही. केनियाच्या शेंगांवर २०१३ पासून युरोपनं दहा टक्के तपासणी लावली. तिथं एकर-अर्ध्या एकरवाले लहान शेतकरीच आधी यादीतून गेले, कारण शंभर जणांच्या वह्या तपासण्यापेक्षा एक मोठा मळा धरणं निर्यातदाराला सोपं. आफ्रिकेतही भाषणात शब्द भागीदारीचाच असतो.

दुसरी वाट आहे, तीपण सांगतो. दिंडोरीजवळ मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपातल्या चौघांनी, एफएमओ, प्रोपार्को, कोरिस आणि इन्कोफिन यांनी, मिळून ३१० कोटी रुपये घातले. ती देणगी नाही, ते परतावा मागणारच. पण धंदा बुडाला तर त्यांचाही पैसा बुडतो, म्हणून त्याला भागीदारी म्हणायला माझी हरकत नाही. आपल्या जिल्ह्यात असं का झालं नाही? नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका काढली तो हा जिल्हा, कसब कमी नाही. पण दोन रुपये जास्त मिळाले की आपण गट सोडून व्यापाऱ्याकडं पळतो. मीपण पळालोय.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी साहेब परत येणार आहेत, करारावर सह्या घ्यायला. मी त्यांना तीन गोष्टी लिहून मागणार. कमीत कमी दर छाटणीआधी ठरवा. सर्टिफिकेटचा निम्मा खर्च तुम्ही घ्या. आणि तुम्ही मान्य केलेल्या लॅबनं बागेत नमुना घेऊन पास केला की त्यापुढची जबाबदारी तुमची. तिन्ही नसतील तर माझा प्लॉट बेदाण्याला जाईल, तासगावला भाव पडेल तो पडेल.

कुणाच्या करारात यातलं एखादं कलम आधीच असेल तर त्या पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका, नाव-गाव झाकून. साहेबांसमोर ठेवायला उपयोगी पडेल.