पडदा वाचू नका, बोला
वर्गातले सेमिनार म्हणजे अनेकदा कुठून तरी उतरवलेली वाक्ये पडद्यावरून मोठ्याने वाचणे. अहिल्यानगर जिल्ह्याला तरी हे दारिद्र्य शोभत नाही. इथल्या हिवरे बाजार गावाची ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावरून पिके ठरवते. आकडे साऱ्या गावासमोर येतात. याहून कडक परीक्षक कोणता? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी गावरान वाणांवर ठामपणे बोलतात, कारण बियाणे त्यांनी स्वतः राखले आहे. प्राध्यापकांनी असे विषय शोधायला मुलांना शिवारात धाडावे आणि निम्मे गुण वर्गाच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी ठेवावेत. भरगच्च वर्गात त्यासाठी तासिका कुठून आणायच्या, हे मात्र विद्यापीठाने सांगावे.