हिमनदी वाढतेय म्हणे!

ग्रीनलंडमधली एक हिमनदी पुन्हा वाढायला लागली, ही बातमी मार्च २०१९ मध्ये आली. तेव्हापासून कोणी ना कोणी ती मला पाठवतंच. खाली डोळा मारणारी स्मायली आणि "बघ, ग्लोबल वॉर्मिंग म्हणे!" पाठवणारे अडाणी असते तर सोडून दिलं असतं. पण हे सगळे इंजिनियर! शनिवार-रविवारी ट्रॅफिक कमी झालं म्हणून मेमरी लीक आपोआप बरा झाला, असं यांच्यातला एकही जण म्हणणार नाही. बर्फाच्या बाबतीत मात्र दोन-तीन वर्षांचा आलेख पुरतो.

बातमी खोटी नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. हिमनदीचं नाव याकब्सहावन, स्थानिक भाषेत सर्मेक कुयाल्लेक. इलुलिसात गावाजवळ ती समुद्राला मिळते. १९९२ साली तिचा वेग वर्षाला पावणेसहा किलोमीटर होता, २००३ मध्ये साडेबारा. २०१२ च्या उन्हाळ्यात तर दिवसाला ४६ मीटर! मग २०१६ पासून ती मंदावली, तोंड पुढे सरकलं, जाडीही वाढली. इथपर्यंत फॉरवर्डवाले बरोबर.

पण का मंदावली? हे विचारायला कुणाला सवड नाही.

अशा हिमनद्या मुख्यतः वरून उन्हाने वितळतात असं आपल्याला वाटतं. पण समुद्रात उतरणाऱ्या नदीचा खरा शत्रू खाली असतो. तिथे गोडं, थंड पाणी वर तरंगतं आणि अटलांटिकचं खारट, उबदार पाणी शेकडो मीटर खोलवरून आत शिरतं. (उबदार म्हणजे तीनेक अंश. बर्फाला तेवढं पुरतं.) याकब्सहावनच्या तोंडाशी सुमारे १५ किलोमीटर लांब तरंगती जीभ होती, बाटलीला बूच असावं तशी. ती खालून झिजली, तुटत गेली आणि २००३ पर्यंत संपली. बूच गेल्यावर मागचा बर्फ सुसाट सुटला.

हे कळलं कसं, तर मासेमारीमुळे! ग्रीनलंडचे संशोधक कोळंबी आणि माशांच्या पाहणीसाठी जाळी टाकताना तळाच्या पाण्याचं तापमानही टिपत होते. त्या नोंदी वापरून डेव्हिड हॉलंड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की १९९७ मध्ये तिथलं खोल पाणी एकदम तापलं होतं. जेमतेम दीड अंश! मला हा अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात भारी भाग वाटतो.

आता २०१६. त्या साली तिथलं पाणी थंड झालं, इतकं की १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर तसं झालं नव्हतं. उत्तर अटलांटिकच्या हवामानाचा हा नेहमीचा हेलकावा. पाणी गार झालं, नदी मंदावली. म्हणजे समुद्राचं तापमान हाच तिचा ॲक्सिलरेटर, हे दोन्ही दिशांनी सिद्ध झालं. मित्रहो, तुम्ही पुरावा म्हणून नाचवताय तो तुमच्याच विरोधातला आहे! शिवाय नासाने त्याच वेळी सांगितलं होतं की नदी अजूनही बर्फवृष्टीतून मिळतो त्यापेक्षा जास्त बर्फ समुद्राला देतेय. फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच वाक्य गळतं.

न्यायाचं बोलायचं तर समोरच्या पार्टीनेही हेच केलंय. हेल्हाइम आणि कांगर्लुस्सुआक या पूर्व ग्रीनलंडच्या हिमनद्यांमधून समुद्रात पडणारा बर्फ २००५ च्या सुमारास दुपटीवर गेला, तेव्हा तीच रेघ सरळ वर ओढून जगबुडीचा हिशोब मांडणारे होतेच. २००६ मध्ये तो प्रवाह पुन्हा बराच खाली आला. शितावरून भाताची परीक्षा होते, पण हे भांडं पाण्यावर आहे आणि पाणी हलतंय.

"ग्रीनलंड कुठे, आपण कुठे," म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. एवढा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राला स्वतःकडे ओढून धरतो. तो कमी झाला की ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चक्क उतरते, आणि दूरच्या उष्ण कटिबंधात ती जगाच्या सरासरीपेक्षा जास्त चढते. मुंबई त्याच पट्ट्यात येते. तीस वर्षांचं कर्ज काढून वरळीला सी-फेसिंग फ्लॅट बुक करणाऱ्यांनी ती स्मायली पाठवण्याआधी फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे आणि पार्किंग कुठे आहे, एवढं तरी बघून घ्यावं.