सोडून गेलेल्यांस लिहिलेले पत्र

आई-बापांच्या उपकारांविषयी मराठीत जितके लिहिले गेले आहे, त्याच्या शतांशानेही आई-बापांनी टाकलेल्या मुलांविषयी लिहिले गेलेले नाही. असे घर आपल्या आळीत असले, तर आपण त्याविषयी स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलतो आणि ते मूल आत आले की गप्प बसतो. ते मूल पन्नास वर्षांचे झाले तरी आपले हे गप्प बसणे त्याच्या ध्यानात राहते.

लासलगावच्या एका वाचकभगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्या सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील घरातून निघून गेले आणि दुसऱ्या शहरी त्यांनी दुसरा संसार थाटला. आईने शिवणकाम करून दोन मुले वाढविली. आता वडील वृद्ध व आजारी आहेत आणि ‘एकदा भेटून जा’ असा त्यांचा निरोप आला आहे. आप्तमंडळी म्हणतात, झाले गेले गंगेला मिळाले, काही झाले तरी जन्मदाता आहे. भगिनी विचारतात, ‘मी क्षमा केली नाही तर मी दुष्ट ठरते काय?’

मुळीच नाही. क्षमा ही कोणाकडून वसूल करावयाची बाकी नव्हे, आणि ज्यांना त्या घरातील उपासाचा एकही दिवस काढावा लागला नाही त्यांनी तर तिचा तगादा लावूच नये. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रॉबर्ट एनराइट ह्यांनी क्षमेचा अनेक वर्षे अभ्यास केला. ते एक भेद आवर्जून सांगतात. क्षमा करणे निराळे, आणि समेट करणे निराळे. क्षमेने झालेला अन्याय न्याय्य ठरत नाही, आणि क्षमा केली म्हणून पुन्हा संबंध जोडलाच पाहिजे असेही नाही. आपल्याकडे ह्या दोन्ही गोष्टींची मोट बांधून टाकलेल्या मुलाच्या गळ्यात घालतात. भेटावयास गेलात तरी क्षमा झालीच असे होत नाही. आणि न जाताही मनातील वैर उतरू शकते.

परंतु सोडून जाणारे सारे एकाच तराजूत तोलता येत नाहीत, हेही पाहिले पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे मूल ठेवून जाणाऱ्या स्त्रिया बव्हंशी आमच्या-तुमच्याच घरांतील विधवा होत्या. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत ह्यास फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. त्या मातांनी मुले टाकली असे म्हणणे सोपे आहे. त्यांना टाकावयास लावणारे सासरे, दीर आणि भटजी मात्र त्या हिशेबात कोठेच दिसत नाहीत. आपल्या खुशीने गेलेल्या बापाची गोष्ट वेगळी, आणि हा भेद ठरविण्याचा अधिकार मुलाचाच.

नारायण सुर्वे ह्यांचे चरित्र ह्या संदर्भात वाचण्यासारखे आहे. जन्मदाते कोण, हे त्यांना कधीच कळले नाही. मुंबईत गंगाराम सुर्वे ह्या गिरणीकामगाराने ते तान्हे मूल उचलून घरी आणले आणि त्यास आपले नाव दिले. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गावी गेले, आणि मुलगा मुंबईतच मागे राहिला. एकाच आयुष्यात दोनदा एकटे पडण्याचा हा प्रसंग. हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील कामगार, शाळेतील शिपाई आणि मग त्याच शिक्षणखात्यात मास्तर, अशी त्यांची वाटचाल झाली. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्यांच्या ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ह्या कवितेत एक वेश्या आपल्या मुलास शाळेत घालावयास येते आणि बापाच्या नावाचा रकाना अडून बसतो. ज्याचा स्वतःचा रकाना एका गिरणीकामगाराने भरला, त्यानेच ती कविता लिहावी, ह्यात आम्हांस काही योगायोग दिसत नाही.

किशोर शांताबाई काळे ह्यांनी तर वयाच्या पंचविशीच्या आतच आत्मकथन लिहिले. त्यांची आई तमाशातील नर्तकी. ती एका माणसाबरोबर राहावयास गेली आणि मुलगा आजोळी राहिला. ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यात तक्रार आहे, संताप आहे, भूक आहे. काहीही झाकलेले नाही. तथापि मुखपृष्ठावरील लेखकाच्या नावात मधोमध आईचे नाव आहे. क्षमेचे ह्याहून नेमके रूप आम्हांस सुचत नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे सक्तीचे केले. काळे ह्यांनी ते तीस वर्षे आधी, कोणी न सांगता केले होते.

लिहिण्याने खरेच बरे वाटते काय? १९८६ साली टेक्सासमधील जेम्स पेनेबेकर व सँड्रा बीऑल ह्यांनी विद्यार्थ्यांस लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनास लागलेल्या गोष्टीविषयी लिहावयास सांगितले. ज्यांनी घटना व भावना दोन्ही लिहिल्या, त्यांस त्या वेळी अधिकच उदास वाटले. पण पुढील सहा महिन्यांत ते इतरांपेक्षा दवाखान्यात कमी गेले. पुढे असेही आढळले की, ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळले’ असे शब्द वाढत गेले, त्यांस लाभ जास्त झाला. नंतरच्या प्रयोगांत हा गुण बेताचाच ठरला, आणि तो सर्वांस येतो असेही नाही. लिहून झोप उडत असेल तर वही बाजूस ठेवावी व मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

लासलगावच्या भगिनींनी आपल्या गावचाच दाखला दिला आहे. उन्हाळ कांदा चाळीत ठेवतात तेव्हा हवा खेळावी म्हणून फटी राखतात, आणि अधूनमधून सडका कांदा हाताने वेचून काढावा लागतो. नाही तर शेजारचे नासतात. ‘मला चाळ उघडावयाची भीती वाटते,’ असे त्या लिहितात. ती भीती रास्त आहे. म्हणून आमची सूचना एवढीच की, भेटीचा निर्णय आज करू नये. आधी वडिलांस एक पत्र लिहावे, टपालात न टाकण्यासाठी. त्यात आईच्या शिवणयंत्राचा आवाज येऊ द्या, शाळेत भरावयाच्या फॉर्मावरचे ते नाव येऊ द्या, शिव्या आल्या तर त्याही येऊ द्या. चार दिवसांनी पुन्हा वाचावे, आणि मग जावेसे वाटले तर जावे, न वाटले तर आप्तांस उत्तर देत बसू नये. आई हयात असतील तर त्यांनाही एक वही आणून द्यावी. कवीच्या पत्नी कृष्णाबाई सुर्वे ह्यांनी ‘मास्तरांची सावली’ लिहिली, तेव्हाच त्या घराची दुसरी बाजू लोकांस दिसली.

आता घरातील इतर मंडळींसाठी: ती वही कपाटात सापडली तर उघडू नका.