बोटॉक्सवर पहिला हक्क मुलांच्या डोळ्यांचा

पुण्यात बोटॉक्स म्हटलं की कोरेगाव पार्क, बाणेरकडची त्वचेची क्लिनिक आणि कपाळावरच्या आठ्या आठवतात. हे औषध मुळात तिरळ्या डोळ्यांसाठी आलं, हे मात्र फार कमी घरांत ठाऊक असतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांना तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचं एक शल्य होतं. स्नायू सोडवायचा, मागे-पुढे सरकवायचा, टाके घालायचे, आणि तरीही काही रुग्णांचे डोळे पुन्हा वळायचे. सुरीशिवाय स्नायू सैल करता येईल का, याचा शोध घेत ते बॉट्युलिनम या जहाल विषापर्यंत पोहोचले. माकडांवरचे त्यांचे प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाले, माणसांवरचे १९८० साली. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला पहिली मान्यता दिली, ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी. आठ्या घालवण्याची परवानगी मिळायला २००२ साल उजाडलं.

आज सुरकुत्यांच्या इंजेक्शनाची माहिती कुणालाही विचारावी लागत नाही. तिरळ्या डोळ्याच्या बाळाला मात्र ‘मोठं झालं की सुटेल’ म्हणून घरीच ठेवलं जातं.

हे थांबलं पाहिजे, कारण इथे उशिराची किंमत नजरेने मोजावी लागते. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी तोलला जातो. हा तोल बिघडला की दोन डोळे दोन दिशांना पाहतात, मेंदूकडे दोन वेगळी चित्रं जातात आणि लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक चित्र सरळ बाजूला टाकतो. दुर्लक्षित डोळ्याची नजर वाढतच नाही. हाच तो ‘आळशी डोळा’. बुबुळ, भिंग, पडदा सगळं निरोगी असूनही त्या डोळ्याला अक्षरं नीट दिसत नाहीत. वस्तू किती लांब आहे, पायरी किती खोल आहे, हे अजमावण्याची दोन डोळ्यांची मिळून असलेली शक्तीही जाते. नजर घडण्याची ही वर्षं साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंतची. लग्नाच्या वयात डोळा सरळ करून घेता येतो, पण तोवर गेलेली नजर सहसा परत येत नाही.

दिरंगाईमागे आपल्या जुन्या समजुती आहेत. किंचित तिरळेपणा भाग्याचा, असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. दुसरीकडे शाळेच्या पटांगणात ‘चकण्या’ ही हाक आहेच. वाकड्या नजरेची आणि वाकड्या स्वभावाची सांगड पडद्यानेही घट्ट केली. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार नायिका होत्या. १९४२ साली चित्रीकरणात जोराची थप्पड बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात दोष राहिला. पुढे त्याच डोळ्यासकट त्या खाष्ट सासू म्हणून घराघरांत पोहोचल्या. १९९८ साली पुण्यातच औंधला त्यांचं निधन झालं. त्यांनी त्या दोषाचं सामर्थ्य केलं, हा त्यांचा मोठेपणा. शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलीकडून कुणी तशी अपेक्षा करू नये.

आता इंजेक्शनाचं काम कसं चालतं ते पाहू. डोळा नाकाकडे वळला असेल तर त्याला आत ओढणाऱ्या स्नायूत औषधाची अगदी थोडी मात्रा देतात. मूल स्थिर पडून राहत नाही म्हणून थोड्या वेळाची भूल लागते. टोचण्याचं काम काही मिनिटांचं. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचणं थांबतं आणि दोन-चार दिवसांत तो सैल पडू लागतो. साधारण दोन ते चार महिन्यांत असर ओसरतो. मधल्या काळात सैल स्नायू थोडा लांबतो, समोरचा थोडा आखडतो. मेंदूने तोवर दोन्ही चित्रं जुळवायला सुरुवात केली, तर औषध उतरल्यावरही डोळा बऱ्यापैकी जागेवर राहू शकतो. ना काप, ना टाका, आणि पुढे शस्त्रक्रिया करायची वेळ आलीच तर तो मार्ग खुला.

याला जादूची सुई मात्र समजू नये. पापणी काही आठवडे खाली येऊ शकते. आत वळणारा डोळा काही दिवस उलट बाहेर जातो आणि आईवडील घाबरून जातात; हे डॉक्टरांनी आधीच बजावून सांगायला हवं. अनेक मुलांना दुसरं, तिसरं इंजेक्शन लागतं. डोळा फार वळलेला असेल तर शस्त्रक्रियाच बरी. दूरदृष्टीच्या नंबरामुळे डोळा आत जात असेल तर चष्मा हाच उपाय, आणि आळशी डोळ्याला चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून कामाला लावावंच लागतं. अमेरिकेतली ती १९८९ ची मान्यता बारा वर्षांपासून पुढच्यांसाठी होती. त्याहून लहान मुलांत जगभरचे तज्ज्ञ स्वतःच्या अनुभवावर आणि पालकांच्या संमतीने हे औषध वापरतात. म्हणून पालकांनी निःसंकोच विचारावं: माझ्या मुलाला हेच का, आणि शस्त्रक्रिया का नको?

शाळकरी वयात डोळा अचानक आत वळला, तर गोष्ट वेगळी. डोकेदुखी, उलट्या असतील तर आधी मेंदूची तपासणी, तीही तातडीने. तिथे दोष नसेल, तर अशा मुलांत इंजेक्शन विशेष उपयोगी पडतं. शस्त्रक्रियेच्या तोडीचा परिणाम बोस्टनच्या डॉक्टरांनी नोंदवला आहे. कोरियातील डॉक्टरांनी २०१६ साली असेच बारा रुग्ण नोंदवले. सात ते सोळा वयाची ही मुलं दिवसाला चार तासांहून अधिक वेळ मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसत. मोबाइल थांबवल्यावर त्यांचा तिरळेपणा कमी झाला. बारा ही संख्या लहान आहे, पण जेवताना मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या घरांनी तिची दखल घ्यावी.

पुण्याला डॉक्टरांची वानवा नाही. ससून आहे, मोहम्मदवाडीत एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय आहे, बालनेत्रतज्ज्ञ आहेत. उणीव आहे ती मूल वेळेत त्यांच्यापर्यंत नेण्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीची तरतूद आहे, पण खासगी नर्सरीतली आणि घरीच असलेली मुलं त्यातून सुटतात. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लशीला तर बहुतेक बाळं येतातच. महापालिकेने प्रत्येक लसीकरण केंद्रात त्याच वेळी टॉर्चचा उजेड दाखवून, दोन्ही बुबुळांवरचा चमकता ठिपका एकाच जागी पडतो का, एवढं पाहायला परिचारिकांना शिकवावं. यंत्र लागत नाही, मिनिटभरही लागत नाही.

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले काही आठवडे इकडेतिकडे जातात. नाकाचा पूल रुंद असला की नुसता तिरळेपणाचा भासही होतो. पण चौथ्या महिन्यानंतरही डोळा वळतोय असं वाटलं, तर भास की खरं हे डॉक्टरांना ठरवू द्या. बाळाला महिनाभराच्या आत दाखवा. आणि बाहुलीत किंवा फोटोत पांढरी झाक दिसली, तर तो डोळ्याचा कर्करोगही असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.