पकडलेला आणि दोषी

जुना जालन्यात राहणारा एक विद्यार्थी परवा तास संपल्यावर म्हणाला, "सर, पकडलेल्या माणसाचा डीएनए घेऊन कायमचा ठेवला तर बिघडतं काय? निर्दोष असेल त्यानं कशाला भ्यायचं?" विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

१९८४ साली इंग्लंडमध्ये लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. दोनच वर्षांनी दोन मुलींच्या खुनांच्या तपासात तिची कसोटी लागली. पकडलेल्या तरुणाने एक खून कबूलही केला होता. पण डीएनए जुळेना. तो सुटला! खरा खुनी पुढे सापडला. तेव्हा गंभीर गुन्ह्यात पकडलेल्याचा नमुना त्या गुन्ह्याशी ताडून पाहावा, याला माझी हरकत नाही.

पण ठेवायचा किती दिवस? १९२० च्या कायद्याच्या जागी आपल्याकडे २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या, तसेच स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यात अटक झालेल्यावर जैविक नमुन्याची सक्ती करता येते. नोंद ७५ वर्षे राहते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची. पण सगळी अपिले संपल्यावर, आणि न्यायालयाने वेगळा हुकूम दिला नाही तरच. खटले किती वर्षे चालतात, ते घरी वडीलधाऱ्यांना विचारा!

आता थोडे गणित. समजा, घटनास्थळचा नमुना अर्धवट आहे आणि तो परक्याशी योगायोगाने जुळण्याचा संभव दहा लाखांत एक आहे. एका संशयिताशी ताडला तर पुरावा भक्कम. पण दहा लाख निरपराधांच्या नोंदींत शोधले तर? निदान एक जण जुळण्याचा संभव शेकडा ६३!

शिवाय बोटाचा ठसा एकट्याचा असतो. डीएनए निम्मा आईकडून, निम्मा वडिलांकडून येतो. म्हणून कोठडीत एकच माणूस असला तरी साठ्यात त्याची भावंडेही थोडीफार शिरतात. रक्तात आनुवंशिक रोगांच्या खुणाही असतात. ओळखीला मात्र वीसेक ठिकाणचे आकडे पुरतात. ते लिहून घ्यावेत व नमुना नष्ट करावा. फेरतपासणी हवीच झाली, तर आरोपीचे रक्त कुठे आटले आहे? आणि तो सुटताच आकडेही आपोआप पुसावेत, त्याला अर्ज करीत फिरावे लागू नये.

ब्रिटनमध्ये सुटलेल्यांचेही नमुने ठेवीत. २००८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते गैर ठरवले. तक्रारदारांपैकी एक जण अटकेच्या वेळी ११ वर्षांचा होता.

माझा विद्यार्थी अजून ६३ कसे आले तेच मांडतो आहे. तुम्हीही मांडून पाहा: ०.९९९९९९ चा दहा लाखावा घात काढा आणि १ मधून वजा करा.