पाणी पिणारे जेल आणि आमचा खारपाणपट्टा

(द्वितीय वर्ष, कला)

पाण्याचा प्रश्न निघाला की आपण पावसाकडे बोट दाखवतो. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्याचे दुःख निराळेच आहे. तेथे विहिरीत पाणी असते, पण तोंडात धरवत नाही! डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मी त्याच मातीतली, घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. त्यामुळे विज्ञानाचा नवा शोध वाचला की तो आमच्या गावच्या पाणवठ्यावर केव्हा पोचणार, हाच प्रश्न आधी मनात येतो.

असाच एक शोध हायड्रोजेलचा. तान्ह्या मुलाच्या डायपरमधील जी पूड ओल शोषून जेलीसारखी फुगते, तिच्याच जातीचा हा पदार्थ. पाणी पिणे त्याला सोपे, प्यालेले परत देणे अवघड. पण काही जेलांचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो. जेल एकाएकी कसे आकसते, हे अमेरिकेत तोयोइची तानाका यांनी १९७८ साली दाखवून दिले. पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी जेले पाणी गोडे करण्यासाठी वापरून पाहिली. एका बाजूला खारे पाणी, मध्ये पातळ पडदा आणि पलीकडे कोरडे जेल. जेल पडद्यातून पाणी ओढून घेते, मीठ मागे राहते. मग जेल तापवले की ते आकसून गोडे पाणी सोडते आणि पुन्हा प्यायला तयार होते.

आज गावोगाव दिसणाऱ्या आर.ओ. यंत्रात पाणी पडद्यातून दाबून काढावे लागते. त्याला पंप हवा, पंपाला वीज हवी. वीज गेली की सारे ठप्प! जेलाला मुख्यतः ऊब हवी. या कुळातील एक प्रसिद्ध जेल सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर पाणी सोडू लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जे ऊन आम्हांला भाजून काढते, तेच कामाला लावता येणार नाही का?

अडचणी आहेत. ही क्रिया मंद आहे, पाणी थोडेच मिळते आणि मागे उरलेल्या जादा खाऱ्या पाण्याची विल्हेवाट लावावीच लागते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून पाणी ओढणे जेलाला जड जाते. विहिरीचे पाणी त्या मानाने पुष्कळ कमी खारे. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, हे तंत्र किनाऱ्यावरील महानगरांच्या आधी खारपाणपट्ट्यात आजमावले पाहिजे.

मित्रमैत्रिणींनो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. प्रयोगशाळा आपली नसेल, पण तहान आपलीच आहे. तेव्हा एका कुटुंबाच्या पाण्याला किती वेळ लागेल, किती खर्च येईल आणि बिघाड झाल्यास गावात दुरुस्ती कोण करील, हे संशोधकांना विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे. तो आपण बजावलाच पाहिजे.